टाकीचा आकडा हलतो आहे

६२.
७१.
५८.
६६.

टाकीत पाणी मात्र मघापासून तेवढंच होतं.

डोंबिवलीच्या 'मंदार-छाया' सोसायटीच्या लॉबीत, पत्रपेट्यांच्या शेजारी, सुदेश टिपणीस दुधाची पिशवी हातात घेऊन भिंतीवरच्या लाल आकड्याकडे बघत उभे होते. आकडा त्यांनीच बसवलेला. गच्चीवरच्या टाकीत किती टक्के पाणी आहे हे तो सांगतो, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलेलं. पिशवीतून थंड थेंब त्यांच्या पायावर पडत होते आणि टिपणीसांचा उजवा पाय त्या आकड्याच्या तालावर हलत होता.

६१.
६९.

"काय टिपनीस साहेब, आज पानी नाचतंय का?"

हे गोपीनाथशेठ म्हात्रे. सोसायटीचे सेक्रेटरी. ज्या जमिनीवर इमारत उभी आहे ती पूर्वी त्यांच्या भातशेतीची, त्यामुळे टाकी, गच्ची, जिना आणि सभासद हे सगळं आपल्याच शेतात उगवलंय असा त्यांचा समज. महिनाभरापूर्वीपर्यंत पाणी मोजायचं खातंही त्यांच्याकडेच होतं. रोज सकाळी ते गच्चीवर चढत, टाकीचं झाकण सरकवून आत बांबू सोडत, तो कुठपर्यंत ओला झालाय ते बघत आणि जिन्यातूनच ओरडत, "अर्धीच्या जरा वर हाय!" सात मजले ते ऐकत आणि त्या बेतानं आंघोळी होत.

कुणाची काही तक्रार नव्हती. हे महत्त्वाचं आहे. कुणाचीही काहीही तक्रार नव्हती.

पण फेब्रुवारीच्या सभेत, चहा येईपर्यंत जो रिकामा वेळ असतो, त्या वेळात टिपणीस उभे राहिले. "अहो, ही काय पद्धत झाली? बांबू! मी मीटर बसवून देतो. एक टक्क्याच्या आत अचूक." हे 'एक टक्क्याच्या आत' त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते आपसूक निघालं. गोपीनाथशेठनी लगेच इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि जीभ दातांत धरून लिहून टाकलं. सोसायटीच्या इतिवृत्तात गेलेलं वाक्य पुन्हा बाहेर येत नाही. त्या वहीत एक दिवंगत सभासद अजूनही दर पानावर पार्किंगमध्ये कुंड्या ठेवतात.

टिपणीसांना एवढी हौस का, तर ते वागळे इस्टेटमध्ये इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत आहेत. लागले तंत्रज्ञ म्हणून. गेली अकरा वर्षं डिस्पॅचला आहेत. डिस्पॅचला म्हणजे खोक्यांवर 'नाजूक वस्तू, ही बाजू वर' असं चिकटवायचं. एखादा माणूस अकरा वर्षं दुसऱ्यांच्या काट्यांवर लेबलं लावत राहिला की त्याला आपल्या हातचं एखादं यंत्र भिंतीवर बघावंसं वाटतं. यात गैर काय?

गैर काही नाही. फक्त अर्ज.

गच्चीच्या चावीसाठी अर्ज. सात मजल्यांवरून वायर खाली आणायची, तर भिंतीला सात भोकं पाडण्याचा अर्ज. लॉबीतला प्लग वापरायचा, तर त्याचा वेगळा अर्ज. चौथ्या मजल्यावरचं भोक अर्जात दाखवलं होतं त्यापेक्षा चार बोटं डावीकडे पडलं, म्हणून दुरुस्तीचा अर्ज. सगळे अर्ज गोपीनाथशेठना उद्देशून, आणि गोपीनाथशेठ ते टिपणीसांच्या समोर उभे राहून, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. मग म्हणायचे, "दोन प्रती लागतात."

तरी मीटर बसलं. टाकीच्या तळाशी पाण्याचा दाब ओळखणारा सेन्सर; त्याची वायर खाली; खाली आकडेमोड करणारा काड्यापेटीएवढा मायक्रोकंट्रोलर; त्याला वीज जुन्या मोबाइलच्या चार्जरची; आणि वर दोन-तीन इंच उंचीचे लाल आकडे. नारळ फुटला. आकडा उजळला. ६४. टाळ्या.

मग लिफ्ट निघाली.

७३.

लिफ्ट थांबली. ५७.

गोपीनाथशेठच्या आई सखुबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "ह्ये लिफ्टीनं पानी वर नेतात काय?"

*

आता आकडा हलला तर हलला. पण तो डोंबिवलीत हलत होता.

जिथं 'उद्या पाणी नाही' एवढं कुणी जिन्यात पुटपुटलं तरी प्रत्येक घरातली बादली, ड्रम, पातेली, कुकर आणि लग्नात आलेली न वापरलेली कळशी भरून ठेवतात, तिथं भिंतीवर अचानक ४१ दिसणं ही गंमत नाही. पहिल्याच सोमवारी पंप आणि लिफ्ट एकदम बंद झाले, आकडा आपटला, शाळेत निघालेल्या कुणीतरी तो बघितला आणि पंधरा मिनिटांत इमारतीतला एकूण एक नळ सुटला. ४१ खोटा होता. साडेसातला तो खरा झाला.

"बघा," टिपणीस प्राचीला म्हणाले, "शेवटी बरोबर आलाच की."

प्राची त्यांची बायको. तिनं पोळी तव्यावर उलटली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही हे बाहेर कुणाला बोलू नका."

पुढच्या दोन आठवड्यांत टिपणीसांची चालच बदलली. जेवता जेवता उठायचे, लॉबीत जाऊन यायचे. ६६. पुन्हा घास. पुन्हा उठायचे. ५९. ऑफिसात खोक्यावर लेबल उलटं चिकटलं. 'ही बाजू वर' खाली गेली. जिन्यात भेटणारा प्रत्येकजण आता नमस्काराऐवजी आकडा विचारू लागला, आणि विचारताना हसू लागला. सूचना फलकावर कागद लागला:

*सर्व सभासदांस कळविण्यात येते की येत्या २७ तारखेस रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये सभा आहे. विषय: श्री. टिपणीस यांचा आकडा. तोपर्यंत आकडा स्थिर न झाल्यास यंत्र काढून पूर्वीप्रमाणे बांबू सुरू करण्यात येईल व 'श्री. टिपणीस यांचा प्रयोग फसला' अशी इतिवृत्तात नोंद घेण्यात येईल. चहा आहे.*

टिपणीसांनी तो कागद तीनदा वाचला. यंत्र काढतील ते काढोत. पण वहीत! कुंड्यांच्या शेजारी! आपण गेल्यावरही, दर सभेला, मागील इतिवृत्त वाचून कायम करताना कुणीतरी खाकरून म्हणणार, 'प्रयोग फसला.' मंजूर? मंजूर.

चोवीस दिवस होते.

*

सल्ल्याची वाण नव्हती. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी 'अर्थिंग बघा' सांगितलं. आपल्याकडे विजेचं काहीही बिघडलं की अर्थिंग बघा सांगतात, जसं पोटाचं काही झालं की ओवा. कुणी वायरला चांदीचा कागद गुंडाळायला सांगितलं. टिपणीसांनी सात मजले गुंडाळला. आकडा हलत राहिला. फक्त पाचव्या मजल्यावरच्या कबुतरांना घरटं मिळालं.

दुसऱ्या मजल्यावरचा कमलेश मात्र व्हिडिओ बघून सल्ला देतो, त्यामुळे त्याच्या सल्ल्याला एक धार असते.

"काका, सिंपल आहे. ॲव्हरेज काढा ना. पाचशे रीडिंग घ्या, बेरीज करा, भागा, मग दाखवा. एकदम मख्खन."

पंचेचाळीस वर्षांचा घोडा चोपन्न वर्षांच्या माणसाला काका म्हणतो हे टिपणीसांनी गिळलं आणि पाचशेचं ॲव्हरेज घातलं. आकडा खरंच शांत झाला. ६४. लिफ्ट गेली, ६४. टिपणीसांनी लॉबीत पाच मिनिटं कमरेवर हात ठेवून काढली.

पण पाचशे रीडिंग व्हायला वीस मिनिटं लागत. म्हणजे आकडा दाखवायचा ते वीस मिनिटांपूर्वीचं पाणी. गुरुवारी पंप चालू होता, भिंतीवर ८२ होते, गोपीनाथशेठ 'आजून हाय जागा' म्हणून निवांत पेपर वाचत होते, आणि वर टाकी केव्हाची भरून गच्चीवर वाहत होती. गच्चीवर, एप्रिल महिना असल्यामुळे, सखुबाईंच्या वर्षभराच्या मसाल्याच्या मिरच्या वाळत होत्या.

सात मजल्यांचा जिना लाल झाला. सखुबाई वरून खाली आल्या त्या मिरच्यांच्या मागोमाग.

"कुठं गेला तो आकडेवाला? आरं मेल्या, पाच किलो बेडगी! पाच किलो! आता कालवनात तुजा आकडा घालू काय रं?"

टिपणीस मीटरच्या खोक्यामागे उभे होते. खोकं काड्यापेटीपेक्षा थोडंच मोठं असल्यामुळे ते दिसत होते. पुढचे दोन दिवस जो जिन्यातून गेला तो शिंकला, आणि शिंकून झाल्यावर "टिपणीस" म्हणाला.

*

ॲव्हरेज काढून टाकलं. ६२, ७०, ५८. सतरा दिवस. सोळा. चौदा.

टिपणीसांनी आता कपाटावरून डिप्लोमाची वही काढली आणि रविवारची सगळी दुपार पलंगावर मांडी घालून बसले. मांडी हलत होती, पलंग हलत होता, प्राचीनं दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावलं. साडेचारला ते ओरडले, "अगं, पाणी हलतच नाहीये!"

"मला माहीत आहे," आतून प्राची म्हणाली. "टाकीत आहे ते."

"तसं नाही गं! माप हलतंय!"

आणि तेच होतं. मायक्रोकंट्रोलर सेन्सरची वीज मोजतो ती कशाशी तरी तुलना करून. त्या 'कशाशी तरी'ला रेफरन्स म्हणतात, आणि त्यासाठी एक वेगळी पिन असते. कापड मोजायला दुकानदाराच्या हातात गज असतो तसा. टिपणीसांनी हा गज थेट चार्जरच्या विजेला बांधला होता. लिफ्ट निघाली की वीज थोडी दबे, गज आखूड होई आणि तेवढंच पाणी जास्त भरे. लिफ्ट थांबली की गज लांब. म्हणजे कापड जिथल्या तिथं आणि दुकानदाराच्या हातात रबर. त्या पिनेकडे जाणारी वीज गाळून घ्यायला हवी होती, चहासारखी. वाटेत वीज अडवणारा एक रेझिस्टर आणि पिनेजवळ वीज साठवणारा एक कपॅसिटर, की झालं.

टिपणीसांना इतका आनंद झाला की ते हे सगळं कमलेशला सांगायला गेले. ही चूक होती.

"कपॅसिटर? मग मोठा टाका ना काका. छोट्यानं काय होतंय?"

आता हे तर्काला इतकं धरून होतं, आणि टिपणीस अशा घरात वाढले होते की पाहुणे चार तर कुकर दहा लिटरचा. त्यांनी नौपाड्यातल्या दुकानातून लोणच्याच्या बरणीएवढा कपॅसिटर आणला. त्याच्या जोडीला रेझिस्टरही भक्कम. भिंतीवर तो मीटरपेक्षा मोठा दिसत होता. आणि आकडा थांबला! ६३. ६३. ६३. टिपणीसांनी त्या दिवशी दाढी करताना गाणं म्हटलं.

शुक्रवारी लाइट गेली आणि आली.

एवढा मोठा कपॅसिटर, एवढ्या मोठ्या रेझिस्टरमधून, भरायला वेळ लागतो. तो भरेपर्यंत रेफरन्स बिचारा वीतभर, आणि वीतभर गजानं मोजलं की कुठलंही कापड ठाणभर. लाइट आल्याबरोबर भिंतीवर १०० झळकले आणि पाच मिनिटं झळकत राहिले. शंभर! या सोसायटीनं शंभर कधी बघितलेच नव्हते. कमलेशनं गाडी धुवायला काढली. पहिल्या मजल्यानं गालिचा. आकडा हळूहळू भानावर येत ३६ झाला तेव्हा कमलेशच्या गाडीला फक्त साबण लागला होता, आणि पाण्याला हात लावाल तर खबरदार, असं गोपीनाथशेठ जिन्यातून बजावत होते.

गाडी शनिवारभर तशीच उभी होती. पांढरी. टिपणीस तिच्या बाजूनं कडेकडेनं गेले.

*

सोमवारी त्यांनी मीटरचा बोर्ड सुटा करून डब्यात घातला आणि ऑफिसला नेला. इंजिनियरांना दाखवावं म्हणून नेला, पण वरच्या मजल्याचा जिना चढताना पाय अडले. वर त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान मुलं बसतात. ती मदत करतील. करताना 'अरे टिपणीस सर, तुम्ही?' म्हणतील. ते 'तुम्ही?' नको होतं.

ते खाली, काटे जोडतात त्या असेंब्लीत जाऊन बसले. जेवणाची सुट्टी होती. मालन, मोहन्याहून येणारी, बावीस वर्षं याच बाकावर सोल्डरिंग करणारी, भाकरीचा डबा आवरत होती. तिनं बोर्डाकडे तिरकं बघितलं.

"साहेब, ह्यो कुनी केला?"

"एक... ओळखीचे आहेत."

"त्यांना सांगा, कपॅसिटरचे पाय केवढे लांब ठेवलेत. वीतभर वायर! तो पिनेपाशी राखनीला बसवायचा ना? मग राखनदार गावाबाहेर ठेवून कसा चालंल?" तिनं बरणी बोटानं टिचकावली. "आनि ह्यो कशाला? ह्यो पंपाचा वाटतो."

"मोठा म्हणून..."

मालन हसली नाही. टिपणीसांनी हे आयुष्यभर लक्षात ठेवलं. तिनं ट्रेमधून मसुराच्या डाळीएवढा कपॅसिटर उचलला, पाय कचकन कापले, पिनेच्या अगदी बुडाशी टेकवला, दुसरा पाय शेजारच्या ग्राउंडला, वरून धुराची एक बारीक रेघ गेली. भक्कम रेझिस्टर काढून छोटा लावला. तिच्या चष्म्यावर डबा खाल्लेल्या बोटाचा ठसा होता. सगळं मिळून दोन मिनिटं.

"आपल्या काट्यात पन असाच आसतो," ती म्हणाली. "तुमी एवढी वर्सं खोक्यात भरताय, कदी उघडून नाय बघितला?"

टिपणीसांनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"तुमच्या वळखीच्यांना सांगा," बोर्ड परत देताना मालन म्हणाली, "हात बरा हाय त्यांचा. जागा चुकली."

*

६४.

रविवार, सकाळचे दहा. पार्किंगमध्ये खुर्च्या. लॉबीचं दार उघडं ठेवलेलं, आकडा सगळ्यांना दिसेल असा. गोपीनाथशेठच्या मांडीवर वही, शेजारी भिंतीला टेकवलेला बांबू. टिपणीसांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"चालवा लिफ्ट," गोपीनाथशेठ म्हणाले.

लिफ्ट गेली. ६४. लिफ्ट आली. ६४. खालच्या टाकीत तळाशी होतं तेवढ्यावर पंप मिनिटभर घरघरवला. ६४. कमलेशनं मिक्सर, ड्रिल आणि कपडे धुवायचं यंत्र एकदम लावलं. ६४.

टिपणीस वाट बघत होते. टाळ्यांची नाही अगदी. पण निदान खुर्च्या सरकल्याची.

"काका," कमलेश म्हणाला, "हँग झालंय वाटतं."

"बंद पडलंय," पहिला मजला म्हणाला.

"आधी निदान हलत तरी होतं."

"आता तर मेलाच की वो," सखुबाई हळहळल्या.

"अहो, स्थिर आहे!" टिपणीसांचा आवाज चिरकला. "पाणी स्थिर आहे म्हणून आकडा स्थिर आहे! हेच तर पाहिजे होतं तुम्हाला!"

"ते तुमी म्हनता," गोपीनाथशेठनी पेनाचं टोपण काढलं. "बंद पडलेलं घड्याळपन स्थिरच आसतं. जिवंत हाय कशावरनं?" आणि त्यांनी वहीत लिहायला सुरुवात केली. 'श्री. टि' पर्यंत आले.

"नळ सोडा!" टिपणीस ओरडले. "सगळ्यांनी! घरी जा आणि नळ सोडा! पाणी कमी होईल तसा आकडा उतरला नाही, तर लिहा काय लिहायचं ते!"

पेन थांबलं. सभेला दुसरं काही काम नव्हतं. माणसं उठली.

लॉबीत टिपणीस, गोपीनाथशेठ आणि प्राची उरले. वरून एकेक नळ सुटल्याचा आवाज यायला लागला. आधी पहिला मजला, मग पाईपमधून खालपर्यंत येणारी घुरघुर.

६३.

"ए!" गोपीनाथशेठ उठले.

६२. ६१. एकही आकडा न गाळता, मागे न वळता, शिस्तीत. ५८. ५५. सहा आठवड्यांत पहिल्यांदा टिपणीसांचा उजवा पाय जमिनीवर नीट टेकला होता. ५०. त्यांना ते इतकं देखणं वाटत होतं की 'पुरे' म्हणायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. ४४. ४०. वरच्यांच्या तर नाहीच आलं. कारण सोडलेला नळ नुसता मोरीत वाहू देणं इथं कुणाला जमत नाही. आधी बादली लावली असेल. बादली भरली तर ड्रम. ड्रमनंतर पातेली. मग जिन्यातून कुणीतरी 'अगं, आकडा उतरतोय!' ओरडलं, आणि उतरता आकडा म्हटल्यावर हात आपोआपच जोरात चालले. २९. २२. १५.

"अहो," प्राची म्हणाली, "आज रविवार. नळाला पाणी उद्या सकाळी येतं ना?"

९.

४.

०.

शून्यावर तो थांबला आणि हलला नाही.

गोपीनाथशेठ बांबू घेऊन सात मजले चढून गेले. बऱ्याच वेळानं उतरले. बांबू कोरडा होता. त्यांनी त्याच्यावरून एकदा तळहात फिरवला, मग खुर्चीत बसून 'श्री. टि'च्या पुढे लिहिलं: 'पणीस यांचा आकडा बरोबर आहे. शून्य. सर्वानुमते मंजूर.' खाली सही केली. टिपणीसांनी ते उलट्या बाजूनं, शाई वाळायच्या आत वाचलं.

मग तिसऱ्या मजल्यावर आपल्या घरी आले आणि हात धुवायला नळ सोडला. नळातून वारा आला. सगळी इमारत भरलेली होती. दाराआडून पातेल्यांवर झाकणं ठेवल्याचे आवाज येत होते. या एका घरातलं कुणीच नळ सोडायला वर आलं नव्हतं.

प्राची ओट्याला टेकून उभी होती. "चहा कशाचा करू? वहीचा?"

तेवढ्यात बेल वाजली.

दारात गोपीनाथशेठ होते, धापा टाकत. हातात काठोकाठ बादली. अर्धं पाणी लेंग्यावर.

"आयेनं दिलीय," ते म्हणाले. "मिरच्यांचं काय ती इसरली नाय, पन पान्याचं वैर करायचं नसतं म्हनली." त्यांनी बादली उंबऱ्याच्या आत ठेवली. जायला वळले, थांबले, पुन्हा वळले. "किती टक्के आसंल वो ही?"

टिपणीस गुडघ्यावर बसले. पाणी कडेपासून कडेपर्यंत हिंदकळत होतं.

"थांबा जरा," ते म्हणाले. "आधी स्थिर होऊ दे."

गोपीनाथशेठही शेजारी उकिडवे बसले, आणि दोघंही बादलीकडे बघत राहिले.